हळदीकुंकू पुरे, जामीनदार आणा

८ मार्च जवळ आला की आमच्या जिल्हा कारागृहाच्या दाराशी गाड्या उभ्या राहू लागतात. महिला मंडळं येतात, क्लब येतात, कुणा पुढाऱ्याच्या सौभाग्यवतींचा वाढदिवस असला तर फळांच्या करंड्या येतात. संक्रांतीला हळदीकुंकू, श्रावणात राखी, नवरात्रात भोंडला. मग फोटो. बंदिनींची ओळख पटू नये म्हणून त्यांना पाठमोरं बसवतात आणि पाहुण्या बायकांना समोरून. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, 'बंदिनींच्या चेहऱ्यावर फुललं हसू'. फोटोत एकाही बंदिनीचा चेहरा नसतो.

कुणी साडी दिली, लाडू दिला, दोन गाणी म्हटली याचा मला राग नाही. आत दिवस फार लांब असतो, गाणं कुणाला नको असतं? पण स्त्रियांच्या बराकीत हळदीकुंकू करायचं ही कल्पना ज्यांना सुचते त्यांनी आत कोण बसलंय याचा विचार तरी केला असेल का? तिथल्या कितीतरी जणींवर नवऱ्याच्याच खुनाचा आरोप आहे. म्हणजे त्या विधवा. कुंकवाचा करंडा फिरतो तेव्हा काहीजणी आपणहून मागे सरकतात, आणि पाहुण्यांपैकी एखादी त्यांना तसं सरकू देते. जिला बाहेरच्या समाजाने ओवाळणीतून बाद केलं, तिला आत येऊन आपण पुन्हा बाद करतो, आणि याला समाजाचा सहभाग म्हणतो!

मी गेली अकरा वर्षं आमच्या गटातल्या दोन मैत्रिणींबरोबर दर बुधवारी आत जाते. या काळात एकाही बाईने माझ्याकडे साडी मागितलेली नाही. त्या विचारतात ते चारच प्रश्न. ताई, माझी तारीख कधी आहे? माझा वकील कोण आहे? पोरं कुठं आहेत? जामीनदार मिळेल का?

यातला शेवटचा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा, कारण बाहेर असा समज असतो की कोर्टाने जामीन दिला म्हणजे बाई सुटली. तसं नसतं. जामीन मंजूर होतो अमुक हजारांच्या जामीनदारावर. जामीनदाराने ऐपतीचा दाखला आणायचा, त्यासाठी तहसिलीत खेटे घालायचे, सातबारा किंवा घरपट्टी दाखवायची. आता बाईच्या ओळखीत सातबारा कुणाच्या नावावर असतो? नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, भावाच्या. नवरा एक तर मेलेला, नाही तर फिर्यादीच्या बाजूचा. सासरा साक्षीदार. भाऊ म्हणतो, ती आम्हाला मेली. पुरुष आत गेला की त्याची बायको मंगळसूत्र गहाण टाकते, आई कोर्टाच्या पायऱ्या झिजवते, मुलाखतीच्या दिवशी डबा घेऊन उन्हात रांगेत उभी राहते. बाई आत गेली की तिच्यासाठी रांगेत कोण उभं राहतं? कोणत्याही बुधवारी येऊन पाहा. पुरुषांच्या मुलाखतीची रांग रस्त्यापर्यंत असते, आणि तिच्यात बहुतेक बायकाच असतात. स्त्रियांच्या बाजूला बाक रिकामे.

कचरा वेचणारी एक बाई भंगाराच्या चोरीत आत आली होती. पंधरा हजारांच्या जामीनदारावर जामीन मंजूर झालेला. हुकूम झाल्यानंतर ती सात महिने आतच होती. त्या सात महिन्यांत तिला दोन राख्या, एक साडी, स्टीलचा एक डबा आणि ध्यानधारणेचं प्रमाणपत्र मिळालं. आम्ही विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलामार्फत अट शिथिल करण्याचा अर्ज लावला. नवव्या दिवशी ती जातमुचलक्यावर बाहेर आली. अर्ज एका पानाचा होता.

हे काही आमचं कर्तृत्व नव्हे. १९७८ मध्येच मोतीराम नावाच्या एका गवंड्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहून ठेवलं आहे की गरिबाकडून त्याला न झेपणारा जामीन मागणं म्हणजे जामीन नाकारणंच. त्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याचा जामीन नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला पुन्हा बजावलं की जामीन मिळूनही महिनाभरात पूर्तता झाली नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा, आणि स्थानिक जामीनदाराचाच आग्रह धरू नये. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना काढली, तिच्यात तेव्हा जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंड भरण्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद केली होती. शिवाय बाईला जामीन देताना न्यायालयाने अधिक सवलत द्यावी अशी तरतूद जुन्या फौजदारी संहितेच्या कलम ४३७ मध्ये होती, तीच नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आहे. म्हणजे कायदा आहे, निकाल आहे, पैसाही आहे. हे सगळं त्या बाईपर्यंत पोचवणारं माणूस तेवढं नाही. स्वयंसेवकांचं काम असेल तर ते हे आहे.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती. त्यातल्या चारांपैकी तिघांचा गुन्हा शाबीत झालेला नव्हता. बायका २३,७७२, म्हणजे शंभरात चार. संख्या एवढी लहान की कुणी दखल घेत नाही, आणि दखल न घेण्याचं कारणही हेच सांगतात. बहुतेक बायका पुरुषांच्याच तुरुंगाच्या एका कोपऱ्यातल्या बराकीत असतात. वाचनालय पुरुषांच्या बाजूला, दवाखाना पुरुषांच्या बाजूला, कारखाना पुरुषांच्या बाजूला. आपली मराठी माणसं तुरुंग सुधारणा म्हटलं की 'दो आँखें बारह हाथ' आठवतात. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूरची खुली वसाहत झाली, तिच्यावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये तो सिनेमा काढला. प्रयोग मोठाच होता. पण सिनेमातले सहाही कैदी पुरुष, जेलर पुरुष, आणि बाई एकच, ती खेळणी विकत फिरते. आपल्या मनातला तुरुंग अजून तसाच आहे.

आता सॅनिटरी पॅडबद्दल, कारण या मुद्द्यावर माझं अनेक संस्थांशी भांडण झालेलं आहे. पॅड पुरवणं हे तुरुंगाचं काम आहे. औषध, साबण, पोराचं दूध हेही. आपण खोकी भरभरून नेतो तेव्हा अधीक्षकांची मागणी कागदावर येतच नाही, आणि पुढच्या वर्षीच्या तरतुदीत तो आकडा दिसत नाही. बाईचा हक्क होता तो आपला उपकार होऊन बसतो, आणि देणारी मंडळी पुढच्या वर्षी आली नाहीत की बाई फडकी शोधते. मी देऊ नका म्हणत नाही. रक्त वाहत असताना तत्त्वज्ञान सांगत बसायचं नसतं. पण देताना पोच घ्या, आणि त्याच दिवशी अधीक्षकांना आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना पत्र लिहा, की इतके नग कमी पडले म्हणून आम्हाला द्यावे लागले, कृपया कारण कळवावे. असं पत्र तीनदा गेलं की फरक पडतो. आमच्याकडे पडला.

आपल्यातल्या काहीजणी म्हणतात की तुरुंग हा आपला प्रांत नाही, ते समाजसेवकांचं काम. मैत्रिणींनो, आपली चळवळ मुळात सुरू कुठून झाली? १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरेवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, त्याविरुद्ध १९८० साली आपण रस्त्यावर आलो. सरकारच्या ताब्यातल्या बाईचं काय होतं, हाच तर आपला पहिला प्रश्न होता. त्याच्या आदल्या वर्षी बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांचं हुसैनआरा खातून प्रकरण पुष्पा कपिला हिंगोरानी या वकील बाईंनी कोर्टात नेलं, तेव्हा उघड झालं की काही बायका कोणत्याही आरोपाशिवाय, केवळ 'संरक्षण' म्हणून वर्षानुवर्षं आत होत्या. आणि मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात जाऊन शीला बारसे या पत्रकार बाईंनी पंधरा बंदिनींशी बोलून घेतलं. पाचजणींनी पोलीस कोठडीतल्या मारहाणीचं सांगितलं. बारसेंच्या पत्रालाच न्यायालयाने याचिका मानलं, निर्मला निकेतनच्या संचालिकांना आत जाऊन अहवाल द्यायला सांगितलं, आणि १९८३ च्या निकालात स्त्री आरोपींसाठी वेगळी कोठडी, स्त्री पोलिसांचा पहारा, स्त्री अधिकाऱ्यांसमोरच चौकशी, कायद्याची मदत हे सगळं आलं. एक बाई वही घेऊन आत गेली, त्यातून एवढं झालं. आणीबाणीत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते स्वतःच आत होत्या. तुरुंगाचं दार आपल्याला नवीन नाही.

पण शीला बारसेंची गोष्ट तिथे संपत नाही. मुलाखतींमधून गैरसोयीचं बाहेर येऊ लागलं तशी त्यांची परवानगी काढून घेण्यात आली. त्याबद्दल त्यांना पुन्हा न्यायालयात जावं लागलं आणि १९८७ मध्ये न्यायालयाने मुलाखतींचा हक्क मान्य करतानाच त्याला बंधनंही घातली. आज आत जाणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या गळ्यात हीच दोरी आहे. परवानगी अधीक्षक देतात, अधीक्षक काढून घेतात. योगा शिकवा, मेंदी शिकवा, ब्यूटी पार्लरचा कोर्स घ्या, कुणी काही म्हणत नाही. पण 'हिच्या पाठीवर वळ कसले?' असं विचारलंत, तर पुढच्या बुधवारी सुरक्षेच्या कारणास्तव भेट रद्द. म्हणून संस्था गप्प राहतात. निदान आत तरी जायला मिळतंय ना, म्हणतात. हा हिशेब मी अनेकदा मांडून पाहिला आहे आणि तो सोपा नाही, हे मान्य. पण त्याची दुसरी बाजू भायखळ्याची आहे. २३ जून २०१७ ला भायखळ्याच्या महिला कारागृहात मंजुळा शेट्ये गेली. दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले म्हणून कर्मचाऱ्यांनी तिला अमानुष मारल्याचा आरोप आहे. सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. हे बाहेर कळलं ते कुणा भेट देणाऱ्या मंडळामुळे नाही. आतल्या बायका गच्चीवर चढल्या, ओरडल्या, म्हणून कळलं. आणि त्याबद्दल त्यांच्यावरच दंगलीचा गुन्हा नोंदला गेला.

मंजुळा आत का होती हे आपण सहसा उच्चारत नाही. भावजयीच्या खुनाबद्दल तिला आणि तिच्या आईला शिक्षा झाली होती. सासू आणि नणंद. म्हणजे आपल्या पोस्टरवर ज्या दोघी काळ्या रंगात काढलेल्या असायच्या, त्याच.

खरं दुखणं इथे आहे. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा गेली तेव्हा आपण मोर्चे काढले. १९८३ मध्ये ४९८-अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब. ते कायदे हवेच होते, आजही हवेत, आणि त्यांना बोथट करायला निघालेल्यांशी मी उद्याही भांडेन. पण त्या कायद्यांनी आत गेलेल्या बाईला कुणी विचारायचं? आमच्या बैठकीत एक कार्यकर्ती ताडकन म्हणाली, "जिने सुनेला जाळलं तिच्यासाठी मी माझा बुधवार का घालवू?" प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला टाळ्याखाऊ उत्तर देऊन चालणार नाही. ज्या मैत्रिणीने मुलीच्या आईबापांना धरून पोलीस ठाण्यात बसून फिर्याद नोंदवली, तिनेच त्या सासूच्या मुलाखतीला जावं असं कुणीही म्हणणार नाही. कामं वाटून घेता येतात. माफ करा असंही मी म्हणत नाही, माफ करण्याचा हक्क आपला नाहीच, तो त्या मुलीच्या माणसांचा. पण खटला पाच पाच वर्षं उभा राहत नाही, सासूला मोतीबिंदू झालाय, रात्री शौचाला उठताना ती पडते, वकिलाने तिला एकदाही पाहिलेलं नाही, आणि ज्याच्यासाठी हुंडा मागितला गेला तो मुलगा केव्हाच जामिनावर सुटून दुसरं लग्न करून बसलाय. हे आम्ही एकदा नाही, तीनदा पाहिलं आहे. पुरुषप्रधान घराची राखणदार म्हणून बाईला उभं केलं कुणी, आणि सजा भोगायला एकटी उरली कोण, याचा विचार स्त्रीमुक्तीवाल्यांनी करायचा नाही तर काय क्लबवाल्यांनी करायचा?

आत कोण असतं हेही डोळे उघडे ठेवून पाहायला हवं. पारधी असतात, वडार असतात, भटक्या जमातींच्या बाया असतात, वस्तीतल्या मुसलमान बाया असतात, धंद्यावरून उचललेल्या असतात. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलीस ठाण्याच्या डोक्यातून तो गेलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंग नियमावल्यांमधली जातीवरून कामं वाटण्याची कलमं रद्द केली. विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजण्याचे संदर्भही काढायला सांगितले. निकाल आला, पण झाडू कुणाच्या हातात आहे हे पाहायला कुणी गेलं का? आणि एक बारीक गोष्ट. नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, पहिल्यांदाच आत आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की त्याला सोडायचं आहे, आणि तसा अर्ज अधीक्षकांनीच कोर्टात करायचा आहे. पण एकाहून अधिक प्रकरणं चालू असली तर ही सवलत नाही. पारधी बाईवर एकच प्रकरण ठेवतंय कोण? एक चोरी सापडली की तालुक्यातल्या न उलगडलेल्या चार चोऱ्या तिच्या नावावर चढतात. अधीक्षकांनी कुणाकुणासाठी अर्ज केले, कुणासाठी नाही आणि का नाही, ही यादी मागणं हेही स्वयंसेवकाचंच काम.

मुलांबद्दल लिहायला बसले तर अंक पुरणार नाही, म्हणून एवढंच. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालाप्रमाणे मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. २०२२ अखेर अशी १,७६४ मुलं आयांबरोबर आत होती. बाहेरचे लोक यांच्यासाठी खेळणी आणतात, ते ठीक. पण याहून किती तरी अधिक मुलं बाहेर आहेत, आजीकडे, मावशीकडे, वसतिगृहात, त्यांचा कुठेच आकडा नाही. आमच्या एका मैत्रिणीने साधं काम सुरू केलं. ती शाळेत जाऊन मुलाचं प्रगतिपुस्तक आणते, आत आईला दाखवते, 'पालकांची सही' असं जिथे लिहिलेलं असतं तिथे आईची सही घेते आणि परत शाळेत नेऊन देते. अंगठा असला तर अंगठा. पहिल्या वेळी मुख्याध्यापकांनी कुरकुर केली. आता चार शाळा तिला ओळखतात. 'गळाभेटी'चा जो कार्यक्रम महाराष्ट्रात तुरुंग प्रशासन करतं तोही चांगला आहे. मुलं आईला कवटाळतात. पण ती एका दिवसाची, आणि तिथेही कॅमेरे असतातच.

चांगलं काम होतच नाही असं म्हटलं तर तो अन्याय होईल. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' १९९० पासून मुंबई परिसरातल्या तुरुंगांत आणि कोर्टांत पगारी, शिकलेले समाजकार्यकर्ते ठेवून काम करतो आहे. तिहारमध्ये किरण बेदी १९९३ ते १९९५ या काळात होत्या तेव्हा त्यांनी स्वयंसेवी संस्थांना दारं उघडी केली, हजारावर कैद्यांचं विपश्यना शिबिर झालं, त्याचा जगभर बोलबाला झाला. पण मला या दोन्हींत फरक दिसतो. दार अधिकाऱ्याच्या मर्जीने उघडलं की अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर ते बंदही होऊ शकतं. आणि मन शांत करायला शिकवणं वेगळं, पेशीला नेणारा पोलीस बंदोबस्त का मिळाला नाही म्हणून बाईची चौथी तारीख का हुकली ते विचारणं वेगळं. अशांत व्हायला कारण असताना शांत बसायला शिकवणाऱ्यांचा मला, खरं सांगते, थोडा संशयच येतो. एलिझाबेथ फ्राय ही क्वेकर बाई १८१७ च्या सुमाराला लंडनच्या न्यूगेट तुरुंगात बायकांसाठी शाळा काढायला गेली, तेव्हा तिने केलेले नियम तिने कैदी बायकांपुढे मताला टाकले होते. दोनशे वर्षं झाली. आपल्याकडे आत काय शिकवायचं हे अजून बाहेरची मंडळीच ठरवतात.

आणि सुटकेचा दिवस. हुकूम कोर्टातून उशिरा पोचतो, कागद तपासले जातात, बाई फाटकाबाहेर येते तेव्हा बहुधा अंधार पडलेला असतो. हातात कापडी पिशवी, एस.टी.पुरते पैसे असले तर असले. रिक्षावाल्याला कळतं ही कुठून आली. आधारगृह म्हणतं, पोलिसांचं पत्र आणा. माहेर म्हणतं, लहानीचं लग्न ठरतंय, सध्या येऊ नको. दहा वर्षं आत शिवणकाम केलेल्या बाईला कामावर कुणी ठेवत नाही, कारण मधल्या दहा वर्षांत काय करत होतीस याला तिच्याकडे सांगण्यासारखं उत्तर नसतं. हळदीकुंकू करणाऱ्या किती मंडळांनी आजवर सुटून आलेल्या एका तरी बाईला स्वतःच्या घरी स्वयंपाकाला ठेवलंय, किंवा चार रात्री झोपायला खोली दिलीय? मला एकही माहीत नाही. समाजाचा सहभाग हवा तो खरा इथे, फाटकाच्या बाहेरच्या बाजूला.

सरकारने आपल्याला कागदोपत्री एक हत्यार दिलेलं आहे. प्रत्येक तुरुंगाला अभ्यागत मंडळ असावं, त्यात अशासकीय सदस्य असावेत, त्यांनी आत जाऊन पाहावं, कैद्यांशी बोलावं आणि शेरा नोंदवावा. ही तरतूद जुनी आहे, महाराष्ट्राचे याबाबतचे नियम १९६२ चे आहेत. १५ सप्टेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ही मंडळं लवकर नेमायला बजावलं. पाहुणी म्हणून गेलं तर परवानगी लागते, अभ्यागत म्हणून गेलं तर शेरेवहीत लिहिण्याचा अधिकार असतो, आणि लिहिलेल्याला उत्तर द्यावं लागतं. माझं सगळ्या गटांना सांगणं आहे की आपापल्या जिल्ह्यात मंडळ आहे का, त्यावर कोण आहे, शेवटची भेट कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आणि आपल्यातल्या दोघींची नावं द्या. वकील नसल्या तरी चालेल, चिकट हव्यात.

आम्ही दिली आहेत. आठ महिन्यांनी उत्तर आलं, की दोन नावांपैकी एक चारित्र्य पडताळणीत अडलं. सदर महिलेवर जमावबंदीचा भंग केल्याचा गुन्हा प्रलंबित आहे. गुन्हा खरा आहे. दारूचं दुकान बंद करा म्हणून काढलेल्या मोर्चात ती पुढे होती. आम्ही तेच नाव पुन्हा पाठवलं आहे, सोबत मोर्चाचं निवेदन आणि दुकान बंद झाल्याचा हुकूम जोडून.